हॅगशॉचा चढ

निवृत्त झाल्यावर क्लेमंट ऑर्मरॉडने जग बघायचं ठरवलं आणि त्यासाठी आपल्यापेक्षा वयानं मोठी मोटार घेतली. त्यामुळे जग बरंच आटोपशीर झालं. यॉर्कशरमधल्या त्याच्या घरापासून चाळीसेक मैलांवर ते संपायचं.

मोटारीइतकाच त्याचा जुन्या पुस्तकांवर विश्वास. रस्त्यांची माहिती देणारी, कापडी बांधणीची, मोटारीच्या काळातली पुस्तकं त्याच्याकडे कपाटभर होती. प्रवासात बायकोनं, म्युरिएलनं, ती मोठ्यानं वाचायची. 'डावीकडे लोहाराचं दुकान' असं तिनं वाचलं की डावीकडे केस कापायचं दुकान निघायचं. क्लेमंटच्या मते चूक दुकानाची असायची. पुस्तकात खूण म्हणून पान दुमडलेलंही त्याला खपत नसे. जुन्या मोटारवाल्यांच्या क्लबच्या त्रैमासिकात तो 'रस्ता आणि मी' हे चिंतन लिहायचा. म्युरिएल ते तपासून द्यायची. "रस्ता ठीक आहे, मी जरा कमी कर," एवढंच म्हणायची.

म्युरिएलची बहीण एनिड हॅगशॉच्या टेकडीवर राहायची. त्या चढाबद्दल पुस्तकात लिहिलं होतं, 'चढ अतिशय तीव्र. स्त्रियांनी येथे उतरून पायी जावे.' दर वर्षीसारखी गेल्या वर्षीही म्युरिएल उतरली होती. उंच टाचांचे बूट, वर भुरभुर पाऊस. फाटकात एनिड पाहुण्यांसकट उभी. "अगं, तुझी बस चुकली का?"

यंदा एनिडच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती.

"या वेळी मला उतरावं लागलं," पावाला लोणी लावता लावता म्युरिएल म्हणाली, "तर गाडी त्या दातांच्या डॉक्टरला विकायची. तो अजून विचारतोय."

"तो ती ट्रेलरवर घालून मिरवेल," क्लेमंट म्हणाला. त्याच्या क्लबात स्वतःच्या चाकांवर न येता ट्रेलरवरून आलेल्या गाडीकडे लोक पाठ फिरवत.

"मिरवू दे. त्याची बायको कोरडी तरी पोचेल."

मग क्लेमंटनं गाडी हलकी करायला घेतली. जादा चाक काढलं, हत्यारांची पेटी काढली, मागची बैठक काढली. सगळ्यात शेवटी टाकीतलं निम्म्याहून जास्त पेट्रोल काढून ठेवलं आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झाला.

चढाच्या मध्यावर गाडी खोकली आणि बंद पडली.

म्युरिएलनं हातमोजे चढवले. "उतरू?"

"थांब."

त्याला सगळं कळलं होतं. त्याच्या गाडीत पेट्रोल टाकीतून इंजिनाकडे आपोआप उतरून जायचं. नाक वर करून चढताना इंजिन टाकीच्या वर गेलं, आणि तळाशी राहिलेलं थोडंसं पेट्रोल काही वर चढेना. ज्या वजनावर गाडी चालते तेवढंच त्यानं काढून ठेवलं होतं.

ब्रेक सोडत सोडत तो पायथ्याशी आला. तिथे गाडी वळवली, तिची पाठ टेकडीकडे केली आणि रिव्हर्स टाकला.

"क्लेमंट, हे काय?"

"वर चाललोय."

"उलटे?"

"आता टाकी वर आहे, इंजिन खाली. आणि हा गिअर सगळ्यात दमदार. तू फक्त बसून राहा."

"एनिड बघतेय ना?"

मान मागे पिरगळून तो बघतच होता. "बघतेय. सगळेच बघताहेत."

म्युरिएल ताठ बसली. मांडीवर केकचा डबा, डोक्यावर नवी टोपी, समोर खाली खाली जाणारं खोरं. गाडी घरघरत, माणसाच्या चालीनं, मागल्या बाजूनं एनिडच्या फाटकात शिरली.

"अगं बाई, पाठमोरी आलीस!" एनिड म्हणाली.

"तुझ्याकडचा देखावा छान आहे गं," खाली उतरत म्युरिएल म्हणाली. "इतकी वर्षं चालत आले, धापा टाकताना बघायचा राहूनच गेला होता."

एनिडनं तिच्या हातातला केकचा डबा घेतला आणि सगळ्यांना जेवायला आत बोलावलं.

परत जाताना, उतार संपल्यावर, क्लेमंटनं विचारलं, "मग, डॉक्टरला काय सांगायचं?"

म्युरिएलनं पर्समधून पेन्सिल काढली, पुस्तक उघडलं आणि हॅगशॉच्या पानावरची स्त्रियांबद्दलची ओळ सरळ खोडून टाकली.

क्लेमंटचा हात स्टिअरिंगवर आवळला गेला. नजर मात्र त्यानं रस्त्यावरच ठेवली.

"पुढे डावीकडे लोहार आहे," म्युरिएल म्हणाली.