शेंडा वर की खाली
गोगलगायींच्या शंखांचा जुना डबा उघडला, की वाळलेल्या गाळाचा वास येतो आणि देऊळघाटजवळचं ते तळं आठवतं. कॉलेजच्या प्रकल्पासाठी मी काठावर शंख ओळखत बसले होते. शेंडा वर धरायचा, तोंड आपल्याकडे. ते उजवीकडे आलं तर शंख उजवा, डावीकडे आलं तर डावा. डब्यात तसे दोन कप्पे होते. उजवा भरून गेला होता; डाव्यात शेंगदाण्याएवढा एकच शंख, दिवसभराच्या शोधाचं फळ. शेजारच्या देवळातले पुजारी पाणी न्यायला आले, त्यांनी नेमका तोच उचलला आणि शेंडा खाली करून धरला, तसं तोंड उजवीकडे आलं. "हा तं उजवा हाय, बाई. देवघरात असा शंख नशीबवाल्यालेच भेटते." बराच वेळ ते तो तळहातावर फिरवत राहिले, तेव्हाच मला शंका आली. वहीत टिपून मी मान वर केली, तर डावा कप्पा रिकामा आणि पुजारी घागर घेऊन निघालेले. "महाराज, जरा उपरणं झटकता का?" मी म्हटलं. त्यांनी घागर खाली ठेवली, उपरणं झटकलं. तुळशीची दोन पानं पडली. "माह्यावर शक करून राह्यली काऊन?" ते शांतपणे म्हणाले. "उजव्या कप्प्यात पाह्य. उजवा होता, उजव्यात ठेवला." शंख तिथेच होता. आता मी वर्गात शेंडा वर धरायला शिकवते. एखादीने खाली धरलाच, तर चूक म्हणण्याआधी विचारते, काऊन?