सोमवारची कणीक

चहाचं आधण ठेवलं नि सहज काचेच्या पेटीकडं बघितलं, तर मासा पोट वर करून तरंगत होता. मेला म्हणून मी किंचाळणारच होते, तेवढ्यात त्याचा कल्ला हलला. खायचे दाणे टाकून बघितले. तो तडफडत वळायचा, तोंड उघडायचा, दाणा बाजूनं निघून जायचा नि हा पुन्हा उलटा.

आमच्या शाकाहारी घरात हा गोल्डफिश आणला सासऱ्यांनी. "आमटी कधी करताय?" म्हणून शेजारीण चिडवायची, ते हसायचे. ते गेले आणि सासूबाईंनी अंथरूण धरलं. दुखणं असं काही नाही. उठायचंच नाही, बोलायचं नाही. उठायच्या त्या फक्त माशासाठी. पेटीपुढं स्टूल ओढून बसायच्या नि माहेरच्या कानडीत म्हणायच्या, "ऊटा माडप्पा, ऊटा माडु." जेव रे बाबा, जेव. दिवसभरात तेवढाच त्यांचा आवाज. हा मासा गेला तर त्या पुन्हा उठणार नाहीत, हे मला स्वच्छ दिसत होतं.

घाबरले की मला राग येतो. नवरा चिंचोळी एमआयडीसीत कामावर होता, त्याला फोन लावून झाडला. "मूठमूठ दाणे ओततोस, पोट बघ कसं फुगलंय बिचाऱ्याचं!"

"अगं बाई, मी हातसुद्धा लावला नाही त्या डब्याला."

मग शोभेचे मासे विकणाऱ्याला विचारलं. पोटात काहीतरी साचलंय म्हणाला. पाणी बदला, दोन दिवस उपाशी ठेवा, मग मटार उकडून, साल काढून, थोडा थोडा गर द्या. पाणी बदला! सोलापुरात हे कुणी सांगावं? नळ त्या दिवशी येणार नव्हता आणि पिंपाच्या तळाशी राहिलेलं पाणी स्वयंपाकाचं होतं. तेच घेतलं. भांडी पडली तशीच खरकटी.

पेटी उपसताना खालच्या खड्यांमध्ये बोटांना काहीतरी चिकट लागलं. पांढरट, आंबूस वासाचं. कणीक होती ती.

सासू-सासरे दर सोमवारी सिद्धेश्वराच्या तळ्यावर जायचे. दर्शन झालं की काठावर बसून माशांना कणकेच्या गोळ्या टाकायचे. सासरे गेल्यापासून सासूबाई उंबऱ्याबाहेर पडल्या नव्हत्या. त्यांचा सोमवार इथंच, या पेटीत चालला होता, आणि गोळ्यांचा लगदा बघता नुसत्या सोमवारवर काही भागलेलं नव्हतं.

'अहो आई, मारलंत की त्याला!' अगदी जिभेवर आलं होतं. मागं वळले तर त्या दारात उभ्या. मी मूठ मिटली, हात ओढणीला पुसला नि गप्प राहिले.

ते दोन दिवस काढणं म्हणजे शिक्षा होती. सासूबाई स्टुलावरून हलेनात. मासा बाजूला कलला की त्या माझ्याकडं बघायच्या.

"कायतरी दे की गं त्याला."

"द्यायचं नाही, आई."

"उपाशी मरंल की."

मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्यावर लाटणं आपटायचे. बोलायची सोय नव्हती.

तिसऱ्या दिवशी मटार उकडला. गर पाण्यात सोडला तर माशाला पोचताच येईना. शेवटी बाह्या सारल्या. जन्मात कधी मासा धरला नव्हता मी. अंगावर शहारा आला. ओल्या तळव्यात, पाण्याच्या आतच, त्याला सरळ धरला. बोटाखाली त्याचं काळीज धडधडत होतं की माझंच, काय माहीत.

"आई, तुम्ही भरवा."

त्यांनी चिमटीत इवलासा गर धरला. माशानं घेतला, थुंकला. पुन्हा घेतला, पुन्हा थुंकला. "ऊटा माडप्पा," त्या रडवेल्या आवाजात म्हणाल्या. तिसऱ्यांदा त्यानं तोंडात घेतला, घोळवला, आणि गिळला.

"गिळलं गं!"

आणखी दोन घास गेले. मी त्याला सोडला. कललेलाच, पण खाली गेला.

"कणकेनंच झालं न्हवं?" सासूबाई पेटीकडंच बघत म्हणाल्या.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तू वरडली न्हाईस की. दूध उतू गेलं तरी गल्ली गोळा करतीस. कणीक हातात घिऊन गप बसलीस, तवाच कळलं मला." पुढचा मटार सोलत म्हणाल्या, "पयलं किती भांडायचो गं आपण. ह्ये गेल्यापासनं एकदा बी भांडली न्हाईस माज्याशी. सारखं हळू बोलायचं, हळू चालायचं. मला वाटतं, मी बी गेलेच की काय ह्या घरातनं."

त्यांच्या हातात मटाराची सालं होती, त्यातली दोन पाण्यात पडली होती.

"अहो आई!" मी ओरडले. "सालं पेटीत टाकू नका, कितीदा सांगायचं तुम्हाला!"

एकदाही सांगितलं नव्हतं. आवाज गल्लीत गेला असणार, आणि डोळे माझे घळाघळा वाहत होते.

"लई बोलतीस," म्हणत सासूबाई पाण्यातली सालं वेचायला लागल्या.