कोंबड्या, सुपारीची रोपं आणि माझं तोंड

मी पोचले तेव्हा माझे सासरे झावळीचा दांडा उगारून वाडीत उभे होते आणि त्यांच्या पायाशी माझी काबरी कोंबडी पंख आपटत गोल गोल फिरत होती. कंबर मोडली होती तिची. चोचीतून रक्त येत होतं. मी किंचाळलेच, "मामा, काय केलंत हे! मुकं जनावर ते!"

"मुकं? बघ जा तुझ्या मुक्यांनी काय केलाय!" त्यांनी दांडा रोपांकडे रोखला. सुपारीची सात रोपं आडवी पडली होती, मुळं वर. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी दुसरा घाव घातला. काबरी थांबली.

मामांचा राग मला कळत नव्हता असं नाही. वादळात आमची दिवेआगरची वाडी एका दुपारीत भुईसपाट झाली. त्यांच्या वडलांनी लावलेल्या सुपाऱ्या मधोमध मोडल्या. त्यानंतर दोन वर्षं मामांनी वाडीत पाऊल टाकलं नाही. मग एक दिवस आपणच उठले आणि चाळीस रोपं घेऊन आले. सुपारी धरायला सहा-सात वर्षं जातात आणि मामांनी पंच्याहत्तरी ओलांडलेली. स्वतः लावलेल्या झाडाचा एक घड उतरलेला बघायचा, एवढंच त्यांना हवं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते हेच सांगायचे.

आणि मला माझ्या कोंबड्या हव्या होत्या. नवरा बंदरावर ट्रेलर चालवतो, पंधरा दिवसांनी घरी येतो. घरात मी, मामा आणि माझ्या अकरा गावठी कोंबड्या. त्यांच्याशी बोलण्यात माझा दिवस जायचा, हसा पाहिजे तर.

वाडी सांभाळून कोंबड्या पाळायला मी काय कमी केलं होतं का? किनाऱ्यावर टाकून दिलेली जाळी आणून रोपांभोवती कंबरेएवढी बांधली. प्रत्येकीचा एका बाजूचा पंख कातरला, म्हणजे उडून पलीकडे जाणार नाहीत. बुंध्याशी नारळाची सोडणं, वरची जाड सालं, दाबून बसवली. अंग घोळायला चुलीच्या राखेचा वेगळा खड्डा करून दिला. खुराड्याचं दार चारच्या आधी कधी उघडलं नाही, कारण अंधार पडायला आला की त्या आपल्या पायांनी परत येतात, उचापती करायला वेळ उरत नाही. तीन महिने एका पानाला धक्का लागला नाही. मामासुद्धा म्हणाले होते, "शहाण्या हायत हो तुझ्या."

आणि त्याच शहाण्यांच्या अंगात महिन्याभरात काय संचारलं देव जाणे! जाळ्याखालून माती उकरून आत शिरायच्या. सोडणं पायांनी भिरकावायच्या. आपसांत एकमेकींची डोकी फोडायच्या, पिसं उपटायच्या. एकीचा डोळा गेला. मी काठी घेऊन मागे लागले, खालून दगड लावले, दोघींना पाय बांधून ठेवलं. तरी रोज एखादं रोप पडलेलं, मी ते परत खोचायचे. मामांनी बजावलं होतं, "आणखी एक पडलं तर एकेकीची मान मुरगळीन. घरात एक ठेवायचा न्हाय."

त्या दिवशी काबरीला मारून ते दुसरीच्या मागे धावले. मी मध्ये पडले. त्यांनी मला ढकललं, मी त्यांच्या हातातला दांडा हिसकला आणि त्या झटापटीत म्हातारा माणूस धाडकन चिखलात बसला. तेवढ्यावर मी थांबायला हवं होतं. पण माझं तोंड! मी ओरडले, "कोणासाठी चाललंय हे? ह्या सुपाऱ्या धरेपर्यंत तुम्ही जगणार आहात का?"

मामा हात टेकून उठले. माझ्याकडे पाठ करून रोपांकडे गेले.

मी काबरीला तंगडीला धरून मागच्या पडवीत आणली. जळ्ळं मेलं नशीब, म्हणत रडत रडतच कढत पाणी ओतलं आणि पिसं ओढायला बसले. टाकून द्यायचं माझ्या जिवावर आलं होतं. गळ्याखालची पिशवी फुगून टणक झाली होती. ती चिरली आणि हातावर जवळा सांडला. मातीत मळलेला, कुजका, मूठभर.

तो जवळा मीच पुरला होता. माझं माहेर उरणकडचं, मिठागराच्या कडेचं. तिथे माडाच्या बुंध्यात खराब झालेली सुकी मासळी पुरतात, झाड जोर धरतं. महिन्यापूर्वी मामा दवाखान्यात गेले असताना मी सगळ्या रोपांच्या मुळाशी ती घातली होती. वाटलं, रोपं तरारली की सांगू, मामा खूश होतील. माहेरी आमच्याकडे कोंबड्या नव्हत्याच. त्या वासावर त्या वेड्या होतील हे माझ्या टाळक्यात आलं नाही.

जवळ्याने भरलेला हात तसाच घेऊन मी पळत वाडीत गेले. "मामा, चूक माझी आहे! कोंबड्यांची नाही, तुमची नाही..."

मामा शेवटच्या ओळीत होते. दोन्ही हातांनी रोप धरायचे, उपटायचे, बाजूला फेकायचे. मागे सगळी ओळीने पडलेली. मी त्यांच्या हाताला लोंबकळले. मूठ उघडून दाखवली. त्यांनी वास घेतला, समजले. मग स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतली. एकदा, दोनदा. मी हात धरला तेव्हा म्हणाले, "कोंबडी फुकट मारली गो मी. पण तू बोललीस ते काय खोटं न्हाय."

आम्ही होती तेवढी रोपं परत मातीत खोचली. एकही जगलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात मी स्वतः जाऊन नवी रोपं आणली आणि कुदळ मामांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी ती परत माझ्या हातात दिली.

"तूच लाव, सूनबाई. बघायची हायत ती तुला."

मी चाळीस खड्डे काढले. मामा पायरीवर बसून कोंबड्या हाकलत होते.