दोन पिवळ्या गोळ्या

औषधाच्या दुकानात तिला सगळे नन्नाताई म्हणत. चिठ्ठीवर तारीख नसली की ‘नाही’. शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर झोपेच्या गोळ्या मागितल्या की ‘नाही’. अक्षर लागलं नाही, तर डॉक्टरांना फोन केल्याशिवाय ‘नाहीच’. गिऱ्हाईकं चिडत, मालक कपाळाला हात लावत, पण बाईंचा नन्नाचा पाढा सव्वीस वर्षांत एक दिवस खंडला नव्हता.

तिचं काम साहाय्यकाचं. गोळ्या काढायच्या, मोजायच्या, पाकिटावर कधी किती घ्यायच्या ते लिहायचं. पाकीट गिऱ्हाइकाच्या हातात पडण्याआधी फार्मासिस्टने ते चिठ्ठीशी ताडून वहीत सही करायची, असा कायदा आहे. या दुकानातल्या फार्मासिस्टची पदवी भिंतीवर चौकटीत होती, पांढरा डगला खिळ्याला होता, आणि स्वतः साहेब एक तारखेला उगवून महिनाभराच्या सह्या एका बैठकीत ठोकून जात. चार वर्षं हेच. पदवी हजर आणि पदवीधर गैरहजर! माणसाच्या जिवाशी चाललेला हा पोरखेळ गल्लीतल्या प्रत्येकाला दिसत होता, पण दिसूनही कोणी हूं की चूं करत नव्हतं.

एका सकाळी कोपऱ्यावरच्या शिंप्याची सून आली.

“ताई, तोंड आल्यावर लावायचं मलम द्या. मामंजींना पाणीसुद्धा गिळवत नाहीये.”

“नाही,” नन्नाताई म्हणाली.

“झालं का तुमचं सुरू! मलमालासुद्धा नाही?”

“आधी सांग, काकांना दुसरं औषध काय चालू आहे?”

“तुमच्याच दुकानातलं. बोटांचे सांधे सुजलेत ना, कात्री धरवत नाही म्हणून.” सुनेने पिशवीतून दोन पाकिटं काढली.

दोन्हींत बारीक, पिवळ्या, अगदी जुळ्या बहिणींसारख्या गोळ्या. एक सांध्यांची, फार जहाल, आठवड्यातून एकदाच घ्यायची. दुसरी साधं जीवनसत्त्व, रोजची. नन्नाताईने चिठ्ठी उलगडली आणि पाकिटं तिच्याशी ताडून पाहिली. जहाल गोळीच्या पाकिटावर लिहिलं होतं, ‘रोज एक’. जीवनसत्त्वावर, ‘फक्त सोमवारी’. लेबलांची अदलाबदल! अक्षर मालकांचं. ती रजेवर होती त्या दिवशीचं.

“किती दिवस झाले?”

“आज नऊ. एक दिवस चुकवला नाही हो, मीच देते हाताने.”

“या गोळीनेच तोंड आलंय. आता एकही द्यायची नाही. रिक्षा कर आणि थेट इस्पितळात ने. सांग, ही गोळी नऊ दिवस रोज घेतली. पाकिटं डॉक्टरांच्याच हातात दे.”

मालक गल्ल्यावरून धडपडत आले. “पाकिटं इथेच राहू देत. बदलून देतो.”

“पाकिटं जातील,” ती म्हणाली, आणि सून रिक्षात बसेपर्यंत मालकांच्या वाटेत उभी राहिली.

इस्पितळाने औषध खात्याला कळवलं. दुसऱ्या दिवशी निरीक्षक येणार म्हणून संध्याकाळी मालकांनी वही तिच्यासमोर सरकवली. त्यांचा सूर लोण्यासारखा मऊ झाला होता.

“त्या दिवसाच्या नोंदीपुढे तुमची दोन अक्षरं टाका. साहाय्यकाची नजरचूक म्हटलं की ताकीद देऊन सोडतात. परवाना गेला तर तुमचीही चूल विझेल, ताई.”

“मी रजेवर होते.”

“ते तुम्हाला-मला माहीत. वहीला कुठे माहीत आहे?”

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. एक म्हातारा पाण्याच्या थेंबासाठी तळमळतोय, आणि यांना वहीची काळजी! सव्वीस वर्षं तिच्या ‘नाही’ला नावं ठेवणारा माणूस आज तिच्याकडे ‘हो’ मागत होता.

“नाही,” ती म्हणाली. या खेपेला आवाज रस्त्यापर्यंत गेला.

निरीक्षक आले तेव्हा पदवीधर साहेब डगला घालून, घाम पुसत हजर होते. निरीक्षकांनी सहज विचारलं, “कुलुपातली औषधं कुठे ठेवता?” साहेबांनी तीन कपाटं उघडली. चौथं उघडायला गेले, तर तो संडासाचा दरवाजा निघाला. निरीक्षक हसले नाहीत. नन्नाताईने मग जबाब लिहून दिला: नोंद कोणी केली, तपासणी कोणी केली नाही, आणि कधीपासून. परवाना त्याच दिवशी थांबवला गेला. मालक दात-ओठ खात म्हणाले, “जा आता, घरी बसा.”

ती घरी गेली नाही, इस्पितळात गेली. शिंपीकाकांच्या रक्तातल्या पेशी फार उतरल्या होत्या. डॉक्टर अजून खात्री देत नव्हते. सून चमच्याने पाणी पाजत होती.

“कोणाची चूक म्हणायची, ताई?” तिने विचारलं.

नन्नाताई स्टूल ओढून बसली. “लेबल मालकांनी लावलं. तपासायचं ते फार्मासिस्टने तपासलं नाही. आणि तपासणीशिवाय पाकिटं जातात हे मी चार वर्षं बघत होते. गिऱ्हाइकांना रोज नाही म्हणायचे, या दोघांना कधी ‘नाही’ म्हटलं नाही. तेही जबाबात लिहिलंय मी.”

सुनेने चमचा नन्नाताईच्या हातात दिला.

“धरा जरा. माझा हात भरून आलाय.”