बिराप्पा सर आणि आमचा तरवड

बिराप्पा सरांचं नाव आमच्या घरात आलं ते पोरीच्या रडण्यातनं.

माझी पोरगी शिवांजली मलकापूरला कॉलेजात हाय. बागा आखायचं शिकती. त्याला ती लँडस्केप डिझाईन म्हणती. आमी कडेगावची ऊसवाली माणसं. आमच्याकडं बाग म्हणजे द्राक्षाची, न्हाईतर डाळिंबाची. नुसती डोळ्यांनी बघायला बाग करायची आणि ती शिकायला कॉलेजात जायचं, हे आमच्या मालकांच्या डोक्यात काय केल्या शिरंना. मालक म्हणजे हंबीरराव. मिल्ट्रीत हवालदार व्हतं. रिटायर झाल्यापासनं हुकूम सोडायला जवान न्हाईत, मग उसाला सोडत्यात.

तर पयल्याच महिन्यात पोरीचा फोन आला. हुंदक्यावर हुंदका. "आई, सरांनी माझ्या चित्रावर काट मारली." तिनं म्हणं बागंचा नकाशा काढला, त्यात हिरवं हिरवं गोल काढलं. सर येऊन उभं ऱ्हायलं. "हे काय?" म्हणालं. ही म्हणाली, "झाड." "कुठलं?" "झाड, सर." तवा सर म्हणालं, "उद्या तुझ्या आईचं चित्र काढायला सांगितलं तर एक गोल काढून खाली बाई म्हणून लिवशील का?"

पोरगी रडत व्हती आणि मला हसू आवरंना. म्हटलं, मास्तर खमक्या दिसतोय. मास्तर लोकांचं मला तसं कौतुक न्हाई, पण ह्या माणसावर माझा जीव तवाच बसला.

मग दर रविवारी फोनवर सरांचंच पुराण. सर कवठे महांकाळकडचं, धनगराचं. बाप अजून मेंढरं राखतोय. सरांनी मेंढरांमागं फिरत शाळा केली, सांगलीला झाडापानांचं शिकलं, मग पुण्यात मोठ्या लोकांच्या बंगल्यांच्या बागा केल्या. पगार झ्याक व्हता. पण तिथं कुणी झाडाचं नाव इचारत न्हवतं. "हिरवं दिसलं पायजे आणि कचरा पडला न्हाई पायजे," एवढंच. कटाळून सर हिकडं आलं आणि पोरांच्या मागं लागलं.

शिकवायची तऱ्हा तर इचारू नका. वर्गात बसायचंच न्हाई. भर दुपारी पोरांना लिंबाखाली बसवायचं, मग बाभळीखाली, मग चिंचंखाली, आणि इचारायचं, कुठली सावली दाट, कुठली इरळ, कुठं डुलकी लागली. डोळं झाकून साल चाचपायला लावायची. चिंचंचा पाला चावून बघायला लावायचा. पुण्याकडची एक पोरगी म्हणं रुसली, "सर, आम्ही शेळ्या आहोत का?" तर सर म्हणालं, "शेळीला तुझ्यापेक्षा जास्त कळतं. तिच्याएवढं कळाय लागलं की सांग, मी स्वतः पेढं वाटतो." कुणी नुसतं "झुडूप" म्हटलं की सर चिडायचं. म्हणायचं, "माझा बाप कळपातलं एक मेंढरू चुकलं तर त्याचं तोंड आठवून सांगतो. तुमी बागा करणार आणि झाडाला नावानं हाक मारणार न्हाई व्हय?"

सरांच्या घरात एक रीत हाय. पोर चालाय लागलं की एक कोकरू त्याच्या नावचं करायचं. ते त्यानंच चारायचं, त्यानंच राखायचं. तीच रीत सरांनी वर्गात लावली. पोरांकडं बघून बघून एकेकाला एकेक रोप दिलं आणि सांगितलं, हे तुमचं. परीक्षेला पेपर न्हाई. चैत्रात आपलं रोप जित्तं घेऊन माझ्यापुढं उभं ऱ्हायचं आणि त्याची सगळी हकीकत सांगायची. त्याला काय लागतं, काय सोसत न्हाई, त्याच्यावर कोण बसतं, त्याला कोण खातं.

शिवांजलीच्या मैतरणीला, सोनमला, पारिजातक मिळाला. आमच्या बाईसाहेबांना तरवड.

मालक तर हसूनच लोळलं. "तरवड? माळावर फुकट उगवतोय की! त्याला कुंडीत घालून मिरवताय व्हय?"

पण पोरीचा त्यात एक डाव व्हता. आमच्या रानाच्या वरल्या अंगाला एक तुकडा हाय, निव्वळ मुरूम. मालक त्याला "माझा खडक" म्हणत्यात. गुढीपाडव्याला तळ्यातला गाळ आणून तिथं टाकायचा आणि ऊस लावायचा, असा त्यांचा बेत. शिवांजली म्हणत व्हती, आबा, तो तुकडा मला द्या, तिथं मी माझी पयली बाग करते, माळावरच्या झाडांची. मालकांनी मिशीला पीळ देऊन सांगितलं, "आधी एक झाड चैत्रापातूर जगवून दाखव. मग बघू. मेलं, तर खडकाचं नाव काढायचं न्हाई."

पोरगी म्हणाली, "ठरलं."

दिवाळीला ती तरवड घेऊन घरी आली. मांडीवर कुंडी धरून एसटीतनं आली, लेकरू आणावं तशी. भाऊबीजंला सांगलीला मामाकडं जाताना सगळ्यांना बजावून गेली, "त्याला हात लावू नका. पाणी घालू नका. मी येतीय तवर त्याला कायबी नको."

आता ही उसाची माणसं. आमच्याकडं माया दाखवायची रीत एकच, पाणी. सासूबाईंना, म्हणजे बनाबाईंना, वाटलं, पोर परक्यासारखी बोलून गेली, म्हणून काय झाडाला उपाशी ठेवायचं? त्या देवाला पाणी घातलं की उरल्यालं तरवडाला घालायच्या. मालक सकाळी पी.टी. झाली की एक तांब्या घालायचं आणि संध्याकाळी एक. एकमेकांना पत्ता न्हाई. मी पावण्यारावळ्यांत अडकल्याली म्हणून वाचले, न्हाईतर मी बी घातलंच असतं. वर आणि मालकांनी चिमूटभर युरिया टाकला. मालकांची चिमूट तुमी बघितली न्हाई. माझी मूठ तिच्यात बसंल.

आठ दिवसांनी शिवांजली परत आली तर तरवड हळदीसारखा पिवळा. हात लावला की पानं गळत्यात. तिनं जी बोंब मारली ती शेजारच्या तीन घरांत गेली.

मालक धावत आलं, बघितलं आणि म्हणालं, "पाणी कमी पडलं आसंल." आणि बादली घेऊन आलं की वो!

पोरगी कुंडीवर आडवी पडली. "आबाऽ, थांबा! पाण्यानंच मेलाय त्यो!"

मग घरात जे सुरू झालं ते काय सांगू. मी मालकांना सोडलं न्हाई. म्हटलं, "आवं, अट घालणार तुमी, झाड मारणार तुमीच, आणि खडक बी तुमालाच? ह्याला काय म्हणायचं?" मालक बादली घेऊन गोठ्याकडं गेलं आणि लय येळ तिथंच ऱ्हायलं. पोरीला चैत्र दिसत व्हता, सर दिसत व्हतं, आणि खडकावरचा ऊस दिसत व्हता. दिवाळीचा फराळ तसाच पडून.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोंडीबा आला. कोंडीबा धनगर दरसाल दिवाळी झाली की मेंढरं घेऊन खाली येतो आणि आमच्या मोकळ्या रानात बसवतो. रानाला लेंडीखत मिळतं, त्याला आमी जोंधळं देतो. लय जुना घरोबा. त्याचा पोरगा कुठंतरी मास्तर झालाय एवढं ठाऊक व्हतं. त्या दिवशी तो पोरगा बी सुट्टीला बापासंगं आल्याला. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडं, हातात काठी. "आक्का, च्या मिळंल का?" म्हणत दारात उभा.

आतनं शिवांजली आली आणि किंचाळली, "सर!"

माझ्या हातातला चहाचा गंज पडता पडता ऱ्हायला. म्हटलं, बिराप्पा सर ते हे? आमच्या कोंडीबाचा बिरू?

सरांनी पोरीचं तोंड बघितलं, कुंडी बघितली, आणि वसरीवर बसलं. कुणाला रागं भरलं न्हाईत. "पाणी कुणी घातलं?" एवढंच इचारलं. सासूबाई म्हणाल्या, "मी. जरासं." मालक खाली बघत म्हणालं, "मी बी. दोन टाईम." मग लय हळू आवाजात, "आणि युरिया."

सर असं हसलं, असं हसलं, की डोळ्याला पटक्याचं टोक लावलं. मग म्हणालं, "दादा, तुमी जीव लावलाय ह्यात शंकाच न्हाई. पण उसाचा जीव लावला. तरवडाचा येगळा असतोय."

सरांनी रोप उपसलं. निम्म्या मुळ्या काळ्या पडल्याल्या. शिवांजलीला विळा दिला आणि म्हणालं, "तुझं हाय, तूच काप." तिनं सडल्याली मुळी काढली, शेंडा छाटला, ऱ्हायला हातभर दांडका. "कुठं लावायचा?" सरांनी इचारलं. पोरगी बापाकडं बघाय लागली. मालकांनी मान फिरवली आणि वरच्या खडकाकडं बोट केलं. "चैत्रापातूर," म्हणालं.

मुरमात दांडका लावून होतोय न होतोय तवर कोंडीबाचा कळप वर चढला. मी पदर खोचून धावले, "हाड, हाड! आवं मेंढरं आवरा, आत्ताच लावलंय!" सर म्हणालं, "आक्का, थांबा. बघा नुसतं." मेंढरांनी आजूबाजूचं समदं गवत साफ केलं. एकीनं तरवडाला नाक लावलं, शिंकली आणि पुढं गेली. सर शिवांजलीला म्हणालं, "बघितलंस? ह्याला राखण लागत न्हाई. लागली तर तुमच्यापासनं लागंल."

मालकांनी इचारलं, "मग पाणी कवा द्यायचं?"

"तुमी? कवाच न्हाई. शिवांजली रविवारी ईल, मातीत बोट घालंल, लागलं तर तीच दील."

"सणासुदीला बी न्हाई?"

"न्हाई, दादा."

हा माणूस जलमभर पाण्यासाठी भांडल्याला. पाटाची पाळी चुकली तर जेवण सोडणारा. पण त्या हिवाळ्यात मी येगळंच बघितलं. खालच्या रानाला पाणी सोडलं की मालक फावडं घेऊन वर जायचं. पाट खडकाजवळनंच खाली येतो; पाणी तिकडं वळू नये म्हणून खडकाच्या कडंनं त्यांनी मातीचा चांगला वरंबा घातला. रोज दांडक्याफुडं जाऊन उभं ऱ्हायचं, हात मागं बांधून, म्हणजे हाताला मोह पडायला नको. मी इचारलं, "काय बघताय?" तर म्हणायचं, "काय न्हाई. चक्कर मारतोय." माघात एक दिवस घरी येऊन जेवताना म्हणालं, "डोळा फुटलाय." मला वाटलं कुणाचा! तर तरवडाला बारीक हिरवा डोळा फुटल्याला.

चैत्रात सरांनी सांगितलं, हिचं रोप आता जागचं हलवायचं न्हाई, परीक्षा तिथंच. आणि समदा वर्ग घेऊन सर आमच्या खडकावर आलं. बाकीच्यांनी आपापल्या कुंड्या आणल्याल्या. ऊन मी म्हणत व्हतं. आमच्या तरवडाला ईतभर फांद्या आल्या व्हत्या, पानं लखलखीत.

शिवांजली पुढं झाली. मला वाटलं, युरियाचं लपवंल. पण तिनं समदं सांगितलं. तरवडाला काय लागतं ते, मेंढरू का तोंड लावत न्हाई ते, आणि आमच्या घरानं त्याला कसा मारला ते बी. म्हणाली, "ज्यांच्यासाठी बाग करायची त्यांची पाण्याची सवय आधी बघायची, मग झाड निवडायचं. हे मला ह्यानं शिकवलं." सर नुसती मान हलवत व्हतं. मालक मागं बांधावर उभं, इस्त्रीचा शर्ट घालून, जसं काय त्यांचीच परीक्षा.

तेवढ्यात एका पोरानं पाणी प्यायलं आणि बाटलीत उरल्यालं, बिचाऱ्याला दया आली आसंल, तरवडाच्या बुडात ओताय वाकला.

"एऽऽ!" मालकांचा आवाज अख्ख्या शिवारात गेला. परेडवर बी असा काढला नसंल. "बाटली वर! माझ्या पोरीच्या बागंत पाणी घालतोस व्हय रं?"

पोराच्या हातातनं बाटलीच पडली. सगळी पोरं हसाय लागली. शिवांजली हसली न्हाई. ती बापाकडं बघत ऱ्हायली, आणि माझ्या डोळ्याला पाणी आलं. पाडवा हून गेला व्हता, गाळाची एक बी ट्रॉली आली न्हवती, आणि खडक म्हणायचं त्या माणसानं कवा सोडलं, हे आमाला कुणाला कळलंच न्हवतं.

सरांनी इचारलं, "दादा, बाग म्हणालात का?"

"मग काय म्हणू?" मालक गुरकावलं. "चला, खाली जेवायला चला समदी. उन्हात पोरं वाळवताय काय?"