रंगाऱ्याच्या मानेवरचं ऊन

"जस्ताचा रंग एकदा वाळला की ऊन त्याच्यापुढं हात टेकतं," असं तो म्हणायचा.

कारखान्यांच्या पत्र्यांवर तो पांढरा रंग मारायचा, आतली माणसं उकडून निघू नयेत म्हणून. सगळे त्याला सफेदा म्हणत. छपरावर तो एकटाच असे. बायको गेल्यापासून घरातही. दोन्हींत छप्पर बरं. निदान तिथं कुणी नसणं हा कामाचाच भाग होता.

एकदा त्याच्या कानाच्या पाळीवर खपली धरली, ती काही केल्या जाईना. ही उन्हाचीच करणी, म्हणत कातडीच्या डॉक्टरबाईंनी ती कापून काढली आणि उन्हापासून वाचवणारं मलम दिलं. जस्ताचं आहे, म्हणाल्या. सफेद्याला घरचं माणूस भेटल्यासारखं झालं. सकाळी तो चांगल्या रंगाऱ्यासारखं मलम लावी: पातळ, एकसारखं, कुठं ओघळ नाही. वाळू देई. मग दिवसभर पुन्हा बोट लावत नसे. घाम मात्र बाहीनं खसाखसा पुसे.

"मामा, प्रायमर झाला वाटतं! रंग कुठला देणार?" मुकादम खालून ओरडे.

"पांढऱ्यावरून ऊन उडतं, बाबा. पत्र्याला विचार."

"पत्रा बोलायला लागला की हाक मारा, आधी शिडी काढून घेतो!"

उन्हाळा सरताना मानेवर, केसांच्या खाली, नवी खपली आली. त्याला ती दिसणं शक्यच नव्हतं, मुकादमाला दिसली. त्यानं शिडीला साखळी घातली.

"डॉक्टरबाई हो म्हणेपर्यंत वर जायचं नाही."

"आणि खाली काय करू?"

"डबे ढवळा. चार माणसांत बसा."

सफेद्यानं त्या चार माणसांकडं पाहिलं. ती कशावर तरी हसत होती. तो तसाच दवाखान्यात गेला.

डॉक्टरबाईंनी भिंगातून मान पाहिली. "मलम लावता?"

"रोज सकाळी."

"आणि नंतर?"

"नंतर कशाला? रंगाचा हात एकदा वाळला की..."

"काका, पत्र्याला घाम येत नाही. पत्रा तोंड पुसत नाही. दर दोन तासांनी लावायचं, आणि भरपूर. पातळ लावलं तर अर्धंमुर्धंच काम करतं."

"पण पांढरं आहे ना? ऊन उडवून लावतं."

"थोडंसंच. बाकीचे घातक किरण ते स्वतः गिळतं."

सफेद्यानं आपल्या बाहीकडं पाहिलं. उन्हाला परतवणारं असं मानेवर फारसं काही नव्हतंच. होतं ते निमूट गिळत होतं, आणि त्याच्याच बाहीला पुसलं जात होतं.

"मी वर जाऊ ना? तुम्ही हो म्हटल्याशिवाय मुकादम सोडत नाही." तेवढंच विचारायला तो आला होता.

"ही खपली काढून जखम भरली की जा. मान झाकणारी टोपी घाला. पण कानामागं, मानेवर तुम्ही चाचपून लावता, नेमकी तीच जागा सुटते. दुपारी तिथं कोण लावेल तेवढं सांगा, मग मुकादमाला फोन करते."

मुलगा दुसऱ्या शहरात. मुकादम लावेल, पण चौघांसमोर, हसत हसत. बायको असताना मानेवरचे रंगाचे शिंतोडे ती रॉकेलच्या बोळ्यानं पुसायची, तो नको नको म्हणत असताना. तिच्यानंतर त्या जागेला कुणाचा हात लागला नव्हता. आज लागला, तोही भिंग धरून.

"काका, घरी कोण आहे?"

त्यानं कॉलर वर केली, खुर्ची नीट आत सरकवली आणि दार उघडून बाहेर पडला.