शेततळ्यातले रूपचंद

केळीच्या मळ्यातल्या शेततळ्यात मासे पाळायची कल्पना माझी, त्यामुळे दोषही माझाच. देडतलाईच्या बाजारात एक जण ड्रममधून माशांची पिल्लं विकत होता. चपटी, तांबूस पोटाची. रूपचंद आहेत म्हणाला आणि मी विश्वास ठेवला. साडी घेताना दहा प्रश्न विचारणारी मी, ही पिल्लं कुठल्या हॅचरीतली, एवढं विचारायचं मला सुचलं नाही.

सासऱ्यांच्या गळ्यात माळ. मासा आमच्या घरात चालत नाही, तळ्यात चालतो. तापीच्या घाटावर माशांना कणकेच्या गोळ्या टाकायची त्यांची जुनी सवय. इथे ते व्यापाऱ्याने नाकारलेली केळी सोलून टाकू लागले. मासे ताटलीएवढे झाले. एक मेलेला वर आला, तेव्हा मी त्याचं तोंड उघडून पाहिलं. आत माणसासारखे दात होते. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर राहिना.

मत्स्य खात्यातल्या साहेबांनी फोटो पाहिले. दिसतो तर रूपचंद, पण पैदास कुठली, कशाशी संकर झालाय, हे कागदाशिवाय कळणार नाही, म्हणाले. काही झालं तरी हा नदीत जाता कामा नये, तिथल्या माशांचं काय होईल नेम नाही, असंही बजावलं. आमच्या तळ्याचं जादा पाणी नाल्यात जातं आणि नाला तापीत. पावसाळा तोंडावर आला होता. मी सांडव्याला दुहेरी जाळी बांधली. दिवसातून चार-चार वेळा ती ओढून पाहायची, नाहीतर नवऱ्यावर चिडायची. म्हाताऱ्या जिवाला उगीच घोर नको म्हणून सासऱ्यांना मात्र यातलं काही सांगितलं नाही.

शेवटी तळं उपसून टाकलं. आमच्या इथल्याच लालबागचा एक मासेवाला सगळा माल टेम्पोत भरून घेऊन गेला. मी बांधावर बसले आणि सासऱ्यांना तेव्हा कुठे सगळं सांगितलं. आता सुटले बाबा, यातला एकही तापीत जाणार नाही, म्हटलं.

त्यांनी चिखलाकडे पाहिलं.

“मी त दर अमावसले दोन-दोन बादलीत नेऊन सोडत होतो, बेटा,” ते म्हणाले. “तापीत. जीवदानाचं पुण्य लागते. घरातल्या एकेकाच्या नावानं.”

राग कुणावर काढावा ते कळेना.

“माझ्याही नावानं?”

“तुझ्याच नावानं त पहिले सोडले.”